मंगरू मास्तर आणि तबकडीची दुसरी बाजू

मंगरू मास्तराला बोलताना मधात टोकलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. गोष्ट कुठवर आली होती, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसे. "मास्तर, साखर किती टाकू?" एवढं जरी चहावाल्यानं विचारलं, तरी तो हात वर करायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झालं. मधात टोकलं. आता सुरूपासून सांगावं लागन." आणि सांगायचा. एकदा सरकारी दवाखान्यात त्यानं डॉक्टरीणबाईंना आपल्या कंबरेचं दुखणं तीन-चार वेळा पहिल्यापासून सांगितलं, कारण बाई सारख्या "कधीपासून दुखतं?" म्हणून विचारत होत्या. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि मुकाट्यानं शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाला, "चांगली डाक्टरीन आहे भाऊ. सुधरून राह्यली."

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना सांगतो. बालाघाटात लग्नाचे बँड पुष्कळ झाले, पण मास्तर म्हटलं की लोक मंगरूच समजायचे. बुटका माणूस, छाती ढोलासारखी. वरच्या ओठावर ट्रंपेटचा गोल वळ पडलेला, त्यामुळे मिशी मधात विरळ. ट्रंपेटचं पितळी तोंड, जे ओठाला लावतात ते, काढून सदैव सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं. रेशन दुकानात रांगेत उभा असला तरी ते खिशात, पोरीचं स्थळ बघायला गेला तरी खिशात. मी विचारलं, "चोरून नेईल का कोणी?" तर म्हणाला, "थंडं पडते. थंडं तोंड ओठाले लावलं की पहिला सूर खोटा निंगते."

माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं, बस स्टँडच्या रस्त्याला. लग्न, सप्ताह, नेत्याची सभा, सगळीकडे माझे भोंगे. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गुरुजींनी छडी उगारली, ती मी मोडली आणि घरी आलो, पुन्हा गेलो नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. मशीन मी स्वतः खोलून शिकलो, दोनदा विजेचा झटका खाऊन शिकलो. कोणी मला म्हणावं की हे असं नाही तसं करा, तर मी ते मुद्दाम करत नसे. मंगरूचं आणि माझं जमलं ते बहुधा त्यामुळेच. दोन्ही बाजूंनी कोणी ऐकणारं नव्हतं.

चातुर्मासात लग्नं नसतात. बँडवाल्याला काम नाही, मलाही कमी. तेव्हा मास्तर नव्या चाली शिकायला माझ्या दुकानात यायचा. त्याची रीत ठरलेली. मी तबकडी लावायची, एक ओळ झाली की सुई उचलायची. मास्तर ती ओळ शिटीवर घ्यायचा, मान हलवायचा, म्हणायचा, "हौ. पुढं." अशी तुकड्या-तुकड्यानं अख्खी तबकडी त्याच्या पोटात जायची. संध्याकाळी तो तीच चाल आपल्या माणसांच्या पोटात घालायचा. तेव्हा तो फर्माइशीचा राजा होता. वरातीत कोणी नोट हलवली की चालू ओळ अर्ध्यात सोडून दुसरी चाल धरायचा, आणि सांधा कुठं झाला ते कळू द्यायचा नाही. त्या काळी त्याला मधात टोकलेलं चालायचं. उलट त्याच्यावरच त्याचं पोट होतं.

त्यातच मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला एक तरुण इंजिनिअर साहेब आपलं तबकड्यांचं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला टाकून गेला. परमुलखातला माणूस. बदली झाली तेव्हा मशीन घेऊन गेला आणि तबकड्यांची एक पेटी माझ्या दुकानात ठेवून गेला. म्हणाला, "रख लो चाचा, अब कैसेट का जमाना है." सगळ्या इंग्रजी. चार गोऱ्या पोरांचा एक बँड होता, त्याच्याच बहुतेक. जाता जाता एक तबकडी वर काढून साहेबानं बजावलं, "ये वाली बीच से मत बजाना. पहले ये लोग दूसरों को नचाते थे. इसमें पहली बार अपने मन का बजाया है." मी म्हटलं ठीक आहे. मनात म्हटलं, बालाघाटात ही कोण ऐकणार, मधातून की सुरूपासून.

पावसाळ्यात मास्तर आला. त्या दिवशी मला खोड काढायची लहर आली. हिंदी तबकडीच्या जागी मी ही लावून दिली. म्हटलं बघू याची शिटी कुठवर जाते.

सुरुवातीला फार लांबून नगाऱ्यासारखं काही आलं. मग एक तारेचा बाजा असा उठला की बाई रडते की बाजा रडतो, समजेना. मास्तर म्हणाला, "उचल." मी सुई उचलली. त्यानं शिटी घातली, जमली नाही. "पुन्हा लाव." आता मी सुई ठेवायला गेलो तर जागाच सापडेना. नेहमीच्या तबकडीत दोन गाण्यांच्या मधात एक चकचकीत रेघ असते, तिच्यावर नजर ठेवून सुई टाकायची असते. इथं रेघच नाही. एका गाण्यातून दुसरं निघालेलं, सगळं एक काळं रान. मी म्हटलं, "मास्तर, हे बिनधुऱ्याचं वावर आहे. कुठून कुठवर कोणाचं, कळत नाही."

"मंग नको उचलू," तो म्हणाला. "चालू दे."

पूर्ण बाजू तो उभ्यानं ऐकत राहिला. शब्द त्याला कळत नव्हते, मलाही नाही. सुई शेवटी जाऊन खरखरायला लागली तरी हलला नाही. मग त्यानं पेटीतून त्याच बँडची एक जुनी तबकडी काढली आणि दोन्ही कव्हरं गल्ल्यावर शेजारी ठेवली.

"भाऊ, हे चार जन तेच का?"

"तेच. साहेबानं सांगितलं."

"इथं कोट एकसारखे, दात काढून राह्यले. अन् या नव्यावर कोट अलग अलग. कोणी हसून नाही राह्यला."

"भांडण झालं असेल."

त्यानं बराच वेळ पाहिलं. "नाही भाऊ," म्हणाला, "हे वयात आले."

मी तबकडी उलटी करायला हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं. "दुसरी बाजू नको. पह्यली समजल्याबगर दुसरी कशी ऐकू? हेच लाव. सुरूपासून." दोन महिने तो रोज आला आणि रोज फक्त पहिली बाजू ऐकून गेला. माझ्या बायकोनं विचारलं, "ते मास्तर भाऊजी घरी काही सांगून येतात की नाही?"

मग मास्तरानं ती बाजू बँडवर बसवायला घेतली. सराव वारासिवनी रस्त्यावरच्या राइस मिलच्या ओट्यावर व्हायचा, जिथं धान वाळवतात. मी बघायला जायचो. त्याचा ढोलवाला बुधराम फार तोंडाळ. तो म्हणे, "मास्तर, याच्यात लोक नाचतीन कोठं?"

"मधात जागा भेटली तर नाचतीन."

"कोठं भेटन?"

"नाही भेटन."

"मंग नोट कोणाले दाखवतीन?"

"तुह्या ढोलाले. वाजव."

बुधराम माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, इंग्रज गेले अन् मास्तरले ठेवून गेले." पण वाजवायचा. मास्तरानं सगळ्यांचे लाल कोटही काढून टाकले. म्हणाला, ज्याचा जो सदरा असेल तो घाला, फक्त धुतलेला असू द्या. बोलण्यात मधात टोकलं की पहिल्यापासून, ही सवय त्याच पावसाळ्यात लागली. सरावात एखादा चुकला की तो चुकलेल्या ओळीपासून कधी घ्यायचा नाही, पहिल्या सुरापासून घ्यायचा. तेच पुढे तोंडात बसलं.

वैशाखात वारासिवनीच्या एका धान व्यापाऱ्याच्या पोराचं लग्न बालाघाटात लागलं. वरातीला मंगरूचा बँड, मांडवात माझे भोंगे. वऱ्हाड धर्मशाळेत उतरलेलं. तिथून मांडव इतक्या अंतरावर की माणूस रमतगमत आला तरी तबकडीची एक बाजू संपेस्तोवर पोचावा. पण आमच्याकडे वरात तेवढ्याच वाटेला अर्धी रात्र लावते. दर चौकात थांबायचं, फर्माइश, नाच, पुन्हा दहा पावलं. पोरीकडचे लोक घड्याळ बघतच नाहीत, ते कान लावून बसतात. शेवटच्या चौकात नागीण नाचाची पुंगीची धून वाजली, लोक रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळायला लागले, की समजायचं वरात आता येते. मग आचारी पुऱ्यांची कढई चढवतो, बाप दाढी करतो, बाया शालू नेसतात.

त्या संध्याकाळी मी मांडवात मशीनपाशी बसलो होतो. लांबून नगारा आला. मी ओळखला आणि ताठ झालो. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या कोणाची वरात असेल. आवाज जवळ येत गेला, थांबेना. पुंगी वाजलीच नाही, म्हणून कढई चढलीच नाही. आणि एकदम दारात घोडी उभी.

झालं होतं असं की चालीत खंडच नव्हता. थांबायचं तर कुठं थांबायचं, कोणाला समजलं नाही. एक गाणं संपलं म्हणेपर्यंत ते दुसऱ्यात शिरलेलं. पाय आपोआप पडत गेले आणि सगळं वऱ्हाड चालत चालत, काहीसं भारल्यासारखं, वेळेवर येऊन पोचलं. बालाघाटात हे त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

पोरीचा बाप बनियानवर, एका गालाला साबणाचा फेस. पोरीचा मामा धावत गेला, "अजून पुंगी नाही वाजली, तुम्ही आले कसे?"

नवरदेवाचा काका हातात नोट धरून उभा. त्यानं ती पुढं करून दाखवली. "हे पाहा. धर्मशाळेपासून धरून आलो. यानं मधात श्वासच नाही घेतला. मी नोट देऊ कोणाले?"

एकटे भटजी खुशीत होते. घड्याळ बघून म्हणाले, "मुहूर्ताला अवकाश आहे. चला, आज मुहूर्तावर लग्न लावून टाकू." त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

शेवटी दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं की वरातीनं वापस जावं आणि नीट यावं. घोडी वळायला तयार होईना. मास्तर पुढं झाला, ओठावरचा घाम पुसून म्हणाला, "वापस जाऊ. मात्र पह्यलीच्या मागं दुसरी बाजू येते, पुंगी नाही."

"कशाची दुसरी बाजू?" काका म्हणाला. "पुंगी वाजव बे."

मास्तरानं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या माणसांकडे पाहिलं. सकाळपासून कोणी जेवलं नव्हतं आणि आता कढई पुंगीवर अडलेली. त्यानं पुंगी वाजवली. अर्ध्या रात्रीपर्यंत वाजवली, आणि इतकी चांगली वाजवली की काकाच रस्त्यावर लोळला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बाकावर बसला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, पह्यली झाली. दुसरी राह्यली."

लोकांनी त्याला 'टायमावरचा मास्तर' नाव ठेवलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्या नावावर गिऱ्हाईक यायला लागलं. ज्यांना नाचाचा तमाशा नको, ते त्याला सांगायचे. परसवाड्याच्या एका हेडमास्तरांनी आपल्या सगळ्या पोरींच्या लग्नाला पहिली बाजू लावून घेतली आणि व्याह्यांना आधीच कळवून ठेवलं की दाढ्या करून बसा.

दुसरी बाजू मात्र कुठं बसेना. ती त्यानं पुढच्या चातुर्मासात ऐकली. फार संथ. नगारा नाही, घाई नाही. मधात एक उंच सूर जातो आणि तिथंच थांबून राहतो, पतंग वर गेल्यावर राहतो तसा. मास्तर म्हणायचा, "पह्यली बाजू जान्याची आहे, दुसरी पोचल्यावरची. तिच्यावर पाय नाही उचलत." मग वाजवायची कुठं? मी सुचवत गेलो, तो नाकारत गेला.

"पोरीच्या पाठवणीत वाजव."

"बाया आधीच रडून राह्यल्या असतात. त्याहिले बाजा ऐकू येत नाही."

"गणपतीत?"

"लोक गुलाल उधळतीन का ऐकतीन?"

"एखाद्या म्हाताऱ्याला बँड लावून नेतात, तेव्हा?"

"ज्याच्यासाठी वाजवायचं तोच ऐकत नाही. नाही जमत." मग म्हणाला, "भाऊ, आपल्या गावात बसून ऐकाले कोणी बँड सांगत नाही. बँड म्हणजे पाय. बुडाचं काम नाही."

तरी ती त्यानं बसवली. दर पावसाळ्यात मिलच्या ओट्यावर सगळे जमायचे आणि दुसरी बाजू सुरूपासून शेवटपर्यंत वाजवायचे. ऐकणारे कोण, तर चिमण्या, मिलचा चौकीदार आणि मी. मला तो तबकडी मागायचा.

"भाऊ, तवा देऊन दे."

"नाही. इथं येऊन ऐक."

"मेल्यावर देशीन?"

"कोणाच्या?"

"पाहू, पह्यले कोन जाते ते," म्हणायचा आणि चहा मागवायचा.

मग डीजे आला. गाडीवर कपाटाएवढे डबे, छातीत धडधड. माझे भोंगे कोणी विचारेना, त्याचा बँड कोणी विचारेना. मी दुकान मुलाला दिलं, त्यानं तिथं मोबाईलचं सामान भरलं. मास्तराची माणसं पांगली. एक ई-रिक्षा चालवायला लागला, दोघं नागपूरला गेले. बुधराम राहिला, क्लॅरनेटवाला प्रेमलाल राहिला, आणखी तीन-चार. आणि मास्तराचे दात पडायला लागले. ट्रंपेटवाल्याचं सगळं बळ पुढच्या दातांवर असतं. ओठ त्याच्यावर टेकतात. मागच्या दाढा गेल्या तेव्हा तो हसला. पुढचा पहिला दात हलायला लागला तेव्हा पेरू खायचं सोडलं, भाकर दुधात भिजवायला लागला. तरी सगळे गेले. त्यानं कवळी करून घेतली. म्हणाला, "सूर निंगते, पण उसना निंगते. वरचा सूर लावला की कवळी म्हणते मी चालली."

एकदा माझ्या मोबाईलवाल्या दुकानाच्या पायरीवर बसून तो सहज बोलल्यासारखं बोलला, "भाऊ, दुसरी बाजू आता चिमन्याहिलेच ऐकवून जावं लागते वाटते." पण ते मला टोचलं.

मागच्या वर्षी माझी नात सोनू हिचं लग्न ठरलं. मुलानं आधीच सगळं ठरवून ठेवलेलं, जेवण बफे आणि वरातीला डीजे. मी म्हटलं, "डीजे लावा, माझं काही म्हणणं नाही. जेवण मात्र पंगतीत. खाली, टाटपट्टीवर."

"बाबा, आता कोण खाली बसतं? सगळ्यांचे गुडघे दुखतात."

"बसतील."

"पण काहून?"

"मी म्हणतो म्हणून."

मुलगा चिडला, सून रुसली, सोनू हसली. मी दोन वेळा जेवलो नाही. तिसऱ्या वेळेला मुलानं आचाऱ्याला फोन केला. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला जुन्या रीतीचं वेड लागलं आहे. मी तसंच वाटू दिलं. कारण सांगितलं असतं तर हसले असते, आणि मग मी अजून दोन वेळा जेवलो नसतो.

ते फक्त मास्तराला सांगितलं. पंगतीत बसलेला माणूस, शेवटच्या माणसाचं आटोपेपर्यंत, मधात उठत नाही. उठला तर बाकीच्यांचा अपमान. हे आमच्याकडे अजून पाळतात, बफेवाली पोरंही खाली बसली की पाळतात.

मास्तरानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पंगतीतून उठत नाहीत."

"नाही."

"मधात नाहीत उठत."

"नाही, म्हटलं ना."

त्यानं खिशातून ते पितळी तोंड काढलं आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला. "दात पक्के करून येतो," म्हणाला. औषधाच्या दुकानात जाऊन कवळीला लावायची चिकट पेस्ट घेऊन आला. दुकानदाराला कशासाठी पाहिजे ते सुरूपासून सांगितलं.

लग्नाच्या दुपारी अक्षता पडल्या, पंगत बसली. ई-रिक्षावाला मांडवाबाहेर रिक्षा लावून धुतल्या सदऱ्यात युफोनियम, तो मोठा पितळी बाजा, घेऊन आत आला. मी वाढप्यांना सांगून ठेवलं होतं, की बुंदी आणि मठ्ठा माझा हात वर झाल्याशिवाय आणायचा नाही. बुंदी आली नाही तर पंगत संपत नाही. कोणी बुंदी मागितली तर म्हणायचं, येते आहे.

वरणभात वाढून झाला आणि मास्तरानं सुरू केलं. पहिल्यांदा लोकांनी इकडं तिकडं पाहिलं. नवरदेवाकडचा एक जण डाव्या हातानं नोट हलवून म्हणाला, "मास्टर, कुछ जोरदार हो जाए." सोनूच्या सासऱ्यांनी त्याला खाली ओढलं, "खाना खाओ पहले." मास्तरानं डोळे उघडलेही नाहीत. हळूहळू आवाज कमी होत गेला. वाढपी आपसूक हळू चालायला लागले. बादल्यांचा खणखणाट बंद झाला. माझी सून, जी माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हती, पुऱ्यांचं ताट धरून खांबाला टेकून उभी राहिली.

आणि तो उंच सूर आला. मास्तर चढला, टेकला, आणि सूर फाटला. कवळी निसटली होती. ट्रंपेट बंद पडलं.

मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो. मधात तुटलं की सुरूपासून, याच्याशिवाय त्याला दुसरं माहीत नव्हतं. आणि पंगत तर अर्ध्याच्या पुढं गेलेली. लोकांची बोटं वाळायला लागलेली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं तर बुंदी किती वेळ अडवून धरणार? बुधरामनं ढोलावरचा हात उचलायचा की ठेवायचा म्हणून मास्तराकडे पाहिलं.

मास्तरानं तोंड फिरवलं, कवळी काढली, खिशात टाकली. मग हात वर केला आणि डोळे मिटले. मी म्हटलं, गेलं. झालं. मधात टोकलं.

पण तो हात थांबा म्हणणारा नव्हता. त्यानं तो प्रेमलालकडे वळवला आणि पुढं ढकलला. प्रेमलालनं क्लॅरनेटवर तोच सूर जिथं सुटला होता तिथून उचलला. ढोल सुटला नाही, युफोनियम सुटलं नाही. मास्तर ट्रंपेट काखेत धरून उभा, बोळकं तोंड, ओठ मात्र हलत होते. शेवटच्या सुरापर्यंत हलत होते.

संपलं तेव्हा टाळी कोणी वाजवली नाही, कारण सगळ्यांचे हात उष्टे होते. मांडव तसाच बसून राहिला. मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं मोठी ढेकर दिली, आणि मी हात वर केला. बुंदी आली.

बँडवाल्यांची पंगत शेवटी बसली. मास्तर बुंदी वरणात कालवून खात होता, दात खिशातच. मी त्याच्यासमोर पाट घेऊन बसलो.

"झाली भाऊ," म्हणाला.

"मधात थांबलास तू. सुरूपासून काहून नाही घेतलं?"

"मी थांबलो." त्यानं मठ्ठ्याचा घोट घेतला. मग पंगतीतल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. बुधराम तिसऱ्यांदा पुरी मागत होता. "बँड कोठं थांबला? आता आले साले वयात."

मी घरातून ती तबकडी आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं कव्हरावरून तेलकट बोट लागणार नाही असं मनगट फिरवलं आणि मला परत दिली. "ठेव तुह्यापाशीच. माह्यी झाली."

थंडीत तो गेला. झोपेत गेला, दुखणं काढलं नाही. बँड लावला नाही. त्यानंच सांगून ठेवलं होतं, "कोनी बेसूर झाला तर मले उठून सांगता येनार नाही."

मिलच्या ओट्यावर शोकसभा ठेवली. दोन शब्द बोलायला मला उभं केलं. समोर बुधराम, प्रेमलाल, ई-रिक्षावाला, माझी सोनू, सून, आणि बाजारातले पुष्कळ लोक टाटपट्टीवर. मी मास्तराच्या सवयीपासून सुरुवात केली. दवाखाना झाला, तबकडी झाली, घोडी दारात येऊन उभी राहिली, बापाच्या गालाला फेस होता, तेवढ्यात एक पुढारी हार घेऊन आले. त्यांना पुढं दुसरीकडे जायचं होतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "भाऊ, जरा थोडक्यात घ्या."

मी हात वर केला. डोळे मिटले. पहिल्या रांगेत बुधरामनं तोंडावर गमछा धरला, ते मला डोळे मिटूनही कळलं.

"मधात टोकलं," मी म्हणालो. "बसा साहेब. आता सुरूपासून सांगावं लागन."

आणि मी सुरूपासून सांगितलं. शेवटपर्यंत कोणी उठलं नाही.